निषेध आणि साक्ष : महायुद्धांतून उपजलेल्या बंडखोर कलेचा आढावा

१

युद्धाने कलेला काम पुरवावे ही रीत फार जुनी आहे. विजयस्तंभ, कीर्तिशिल्पे, पोवाडे, राजवाड्यांच्या भिंतींवरील रणचित्रे ही सारी त्या रीतीचीच अपत्ये होत. आणि पराभूतांचा शोक गाणारी कलाही तितकीच जुनी आहे. परंतु विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात युरोपात जे घडले ते या दोहोंपेक्षा निराळे होते. युद्धाने होरपळलेली कलावंतांची एक पिढी युद्धाच्या विरोधात उभी राहिली, एवढेच त्यात नवे नव्हते. ज्या काव्याने, ज्या चित्रशाळांनी, ज्या वृत्तपत्रांनी आणि ज्या व्यासपीठांनी आपल्याला वाढविले त्यांनीच हे युद्ध पवित्र ठरविले, असे पाहून तिने खुद्द प्रतिष्ठित कलेविरुद्धच बंड पुकारले, हे नवे होते. दादावादापासून अतिवास्तववादापर्यंत, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर जपानातील गुताई गटापासून आपल्याकडील बंगालच्या दुष्काळचित्रांपर्यंत, ही बंडखोरी वेगवेगळ्या भूमींत वेगवेगळ्या रूपांनी प्रकटली.

या चळवळींचा समग्र विचार करू लागले म्हणजे त्यांत दोन प्रवृत्ती स्पष्टपणे वेगळ्या दिसतात. पहिली निषेधाची : भाषा मोडून टाकणे, सौंदर्याचे मान्य संकेत धुडकावणे, प्रेक्षकाच्या समाधानाला तडा देणे. दुसरी साक्षीची : जे डोळ्यांनी पाहिले ते, कोणाचाही मुलाहिजा न ठेवता, नोंदवून ठेवणे. अभ्यासक बहुधा या दोहोंचा स्वतंत्र विचार करतात. पहिलीला ते कलेच्या इतिहासात जागा देतात आणि दुसरीला राजकारणाच्या. मला मात्र असे वाटते की, या प्रवृत्ती एकमेकींवाचून दुबळ्या राहतात. साक्षीवाचून निषेध थोड्याच काळात शैली होऊन बसतो आणि शैलीला गिऱ्हाईक मिळते. निषेधावाचून साक्ष स्मारकाच्या चौथऱ्यावर जाऊन बसते आणि वर्षातून एकदा तिच्या गळ्यात हार पडतो. ज्या कृतींत या दोन्ही एकत्र नांदल्या त्यांचेच तेज आजवर टिकले आहे. हे प्रतिपादन क्रमाने तपासून पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

या बंडाची कारणे समजून घ्यावयाची तर १९१४च्या शरदऋतूकडे वळले पाहिजे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याने बेल्जममध्ये शिरून लूव्हँ येथील विद्यापीठाचे ग्रंथालय जाळले, आणि त्यावर जगभर गहजब झाला तेव्हा, ४ ऑक्टोबर रोजी, जर्मनीतील ९३ नामवंतांनी आपल्या सैन्याची तरफदारी करणारा एक जाहीरनामा सुसंस्कृत जगाला उद्देशून प्रसिद्ध केला. त्यावर पदार्थवैज्ञानिक माक्स प्लांक आणि राँटगेन यांच्या, नाटककार गेरहार्ट हाउप्टमान यांच्या आणि चित्रकार माक्स लीबरमान यांच्या सह्या होत्या. सत्तेने तोफा पुरवाव्यात आणि संस्कृतीने त्या तोफांना सनद द्यावी, असा हा व्यवहार होता. फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्येही विद्वानांनी व कवींनी आपापल्या सरकारांची अशीच पाठराखण केली.

नव्या कलेचे सारेच उपासक युद्धविरोधी होते असेही मानण्याचे कारण नाही. मारिनेत्तीच्या नेतृत्वाखाली इटलीतील भविष्यवाद्यांनी १९०९च्या आपल्या जाहीरनाम्यात युद्धाचा उघड गौरव केला होता, आणि त्यांच्यापैकी अनेकजण स्वेच्छेने सैन्यात गेले. शिल्पकार बोच्चोनी १९१६च्या ऑगस्टमध्ये लष्करी सरावात घोड्यावरून पडून मरण पावला. वास्तुविशारद सांतेलिया त्याच वर्षी रणांगणावर पडला. जर्मनीत ऑगस्ट माके १९१४मध्येच मारला गेला होता, आणि निळ्या घोड्यांची चित्रे काढणारा फ्रांझ मार्क ४ मार्च १९१६ रोजी व्हर्दूंनजीक तोफगोळ्याच्या तुकड्याने ठार झाला. त्याच वर्षी १ जुलै रोजी सोमच्या लढाईच्या पहिल्या एका दिवसात १९,०००हून अधिक ब्रिटिश सैनिक प्राणास मुकले. असा संहार चालला असता, त्याचे समर्थन करणारे शब्द मात्र शौर्य, त्याग, मातृभूमी, परमेश्वर हेच होते. आणि तरुण कवी-चित्रकारांचा विश्वास उडाला तो प्रथम या शब्दांवरून.

३

हा अविश्वास संघटित झाला तो तटस्थ स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात. ह्यूगो बाल हा जर्मन नाटककार युद्धारंभी सैन्यभरतीसाठी स्वतः पुढे झाला होता. प्रकृतीच्या कारणावरून त्याला नाकारण्यात आले, तेव्हा तो खासगीरीत्या बेल्जमची आघाडी पाहून आला, आणि जे पाहिले त्याने त्याचे मन कायमचे पालटले. पुढच्या वर्षी गायिका व कवयित्री एमी हेनिंग्ज हिच्यासह तो झुरिकला आला. ५ फेब्रुवारी १९१६ रोजी, म्हणजे व्हर्दूंची लढाई सुरू होण्याच्या दोनच आठवडे आधी, या दोघांनी श्पीगेलगासे या अरुंद गल्लीतील एका मद्यगृहाच्या सभागृहात ‘काबारे व्होल्तेर’ हा रंगमंच उघडला. रुमानियाहून आलेले त्रिस्तान झारा व मार्सेल यान्को, अल्सासचा हान्स आर्प, बर्लिनहून आलेला रिखार्ड ह्युल्झेनबेक आणि स्वित्झर्लंडमधीलच सोफी टॉयबर असा मेळावा तेथे जमला आणि त्यातूनच दादावादाची चळवळ उभी राहिली. त्याच गल्लीत काही घरे सोडून त्या वेळी लेनिन राहत होता. एकाच युद्धाला दिलेली दोन अगदी भिन्न उत्तरे एकाच फरसबंदीवरून ये-जा करीत होती.

या मंडळींच्या प्रयोगांचे मर्म एका संध्याकाळच्या तपशिलावरून ध्यानात येईल. २३ जून १९१६ रोजी बालने अर्थहीन ध्वनींच्या कवितांचे वाचन केले. पायांभोवती चकचकीत निळ्या पुठ्ठ्याची नळी, खांद्यावर आतून लाल व बाहेरून सोनेरी अशी पुठ्ठ्याचीच झूल, डोक्यावर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची उंच टोपी, असा त्याचा पेहराव होता. त्या वेषात चालता येईना म्हणून त्याला अंधारात उचलून रंगमंचावर आणावे लागले. तीन ठिकाणी ठेवलेल्या कागदांवरून तो आळीपाळीने वाचू लागला. एकही शब्द कोणत्याही भाषेतील नव्हता. प्रेक्षक प्रथम गोंधळले. पण वाचता वाचता बालचा स्वर चर्चमधील प्रार्थनेच्या प्राचीन आणि शोकपूर्ण लयीत जाऊ लागला, असे त्याने आपल्या रोजनिशीत नमूद केले आहे. वृत्तपत्रांनी भाषा इतकी भ्रष्ट केली आहे की, कवीने तिच्यापासून दूर जाऊन ध्वनीच्या मूळ गाभ्यात आश्रय घ्यावा, अशी त्याची भूमिका होती. या प्रयोगाला थट्टा समजणे ही मोठी चूक ठरेल. भाषेच्या शुद्धीसाठी केलेले ते एक कठोर व्रत होते, आणि ते व्रत घेणाऱ्याला पुढे ही चळवळ सोडून १९२०मध्ये कॅथलिक धर्माचरणाकडे परतावेसे वाटले यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही.

आर्पची बंडखोरी अधिक सौम्य, पण तितकीच मूलगामी होती. झुरिकमधील जर्मन वकिलातीत लष्करी सेवेसाठी बोलावणे आले असता, त्याने छापील कागदावरील प्रत्येक रकान्यात आपली जन्मतारीखच लिहिली, खाली रेघ ओढून साऱ्यांची बेरीज केली आणि मग कपडे उतरवून तो कागद साहेबांपुढे ठेवला, अशी हकिगत तो स्वतः सांगत असे. दप्तराच्या भाषेला दप्तराच्याच पद्धतीने निरुत्तर करण्याची ही युक्ती त्याच्या कलेतही दिसते : कागदाचे तुकडे यदृच्छेने पडू देऊन त्यांतून रचना साधताना त्याने कर्तृत्वाचा, प्रभुत्वाचा आणि म्हणून सेनापतीपणाचा अहंकारच सोडून दिला. सोफी टॉयबर दिवसा कलाशाळेत वस्त्रकला शिकवीत असे आणि रात्री मुखवटा घालून नाचत असे. विणकामाच्या उभ्या-आडव्या धाग्यांतून तिने घडविलेली शुद्ध भौमितिक रचना हे झुरिकच्या दादावादाचे एक अत्यंत टिकाऊ फळ होय, परंतु तिचे श्रेय तिला फार उशिरा मिळाले.

झुरिकच्या या निषेधाचे दोषही नोंदविले पाहिजेत. आफ्रिकी मंत्रांचे आणि मुखवट्यांचे अनुकरण तेथे मोठ्या आवेशाने होई. युरोपीय संस्कृतीला खिजविण्यासाठी ते वापरले जाई. पण त्याच घटकेला सेनेगलचे आणि हिंदुस्थानचे सैनिक परक्यांच्या युद्धात फ्रान्सच्या चिखलात मरत होते, त्यांच्या यातना या प्रयोगांत उमटल्या नाहीत. तटस्थ देशाच्या आसऱ्याने निषेधाला मोकळीक दिली, परंतु त्याच आसऱ्याने त्याला साक्षीपासून दूर ठेवले. झाराच्या १९१८च्या जाहीरनाम्यात निषेधाचे तर्कशास्त्र टोकाला पोचले. त्यापुढे जाण्यास त्या वाटेवर जागा उरली नव्हती.

४

साक्षीची जोड मिळाली ती बर्लिनमध्ये. ह्युल्झेनबेक १९१७च्या आरंभी तेथे परतला तेव्हा शहर उपाशी होते; बटाट्याऐवजी सलगमांवर लोक दिवस काढीत होते. युद्धात जर्मनीचे सुमारे २० लाख सैनिक मेले, आणि जे परतले त्यांतील असंख्य लोक कुबड्यांवर आणि लाकडी पायांवर बर्लिनच्या पदपथांवरून भीक मागत फिरू लागले. १९१८च्या नोव्हेंबरात बादशाही कोसळली, जानेवारीत रस्त्यांवर गोळीबार झाला. अशा शहरात अर्थहीन ध्वनींनी भागण्यासारखे नव्हते. जॉर्ज ग्रोस याला सैन्यातून मनोरुग्ण म्हणून सुटी मिळाली होती. हेल्मुट हेर्त्सफेल्ड याने इंग्लंडद्वेषाच्या सरकारी प्रचाराचा निषेध म्हणून १९१६मध्ये आपले नावच बदलून जॉन हार्टफील्ड असे इंग्रजी नाव धारण केले होते. त्याचा भाऊ वीलांड हेर्त्सफेल्डे याने १९१७मध्ये मालिक ही प्रकाशनसंस्था काढली. यांच्या हाती निषेधाला हत्यार मिळाले ते छायाचित्रांच्या तुकड्यांचे. वृत्तपत्रांनी छायाचित्रांच्या साहाय्याने जो खोटा एकसंधपणा निर्माण केला होता, तो कात्रीने फाडून त्याच तुकड्यांतून सत्य जोडणे, ही बर्लिनच्या दादावाद्यांनी घडविलेली मोठी क्रांती होय.

या पद्धतीचा सर्वोत्तम नमुना म्हणजे हाना ह्योख हिची १९१९-२०मधील ती विशाल चिकटचित्र-रचना, जिच्या लांबलचक नावात स्वयंपाकघरातील सुरीने वायमार प्रजासत्ताकाचे बिअरने फुगलेले पोट चिरल्याचा उल्लेख येतो. ह्योख ही एका मोठ्या प्रकाशनगृहात स्त्रियांच्या मासिकांसाठी भरतकामाचे आणि लेसचे नमुने काढण्याची नोकरी करीत असे. तेथली मासिके हाच तिचा कच्चा माल. सुमारे ११४ सेंटिमीटर उंच आणि ९० सेंटिमीटर रुंद अशा त्या कागदावर उजव्या वरच्या कोपऱ्यात कैसर विल्यम आहे, आणि त्याच्या मिशांच्या जागी दोन पैलवानांची उलटी शरीरे बसविली आहेत. सेनापती हिंडेनबुर्गचे मस्तक एका नर्तकीच्या धडावर आहे. डावीकडे वर आइन्स्टाइन आहे. यंत्रांची चाके, जमाव आणि छापील अक्षरे यांच्या गर्दीत, मध्यभागी, चित्रकर्ती केटे कोल्वित्स हिचे शिर एका तरुण नर्तकीच्या शरीरावर तरंगत आहे. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, जेथे चित्रकार आपली सही करतो तेथे, युरोपात कोणकोणत्या देशांत स्त्रियांना मताधिकार मिळाला ते दाखविणारा नकाशा असून त्यालगत ह्योखने स्वतःचा लहानसा चेहरा चिकटविला आहे. सत्तेचे सारे चेहरे विस्कटून टाकणारी ही स्त्री आपल्या स्वतःच्या जागेबद्दल पुरती जागरूक होती. तिच्या सहकाऱ्यांपैकी ग्रोस व हार्टफील्ड यांना मात्र ती प्रदर्शनात नको होती. राऊल हाउसमानने माघार घेण्याची धमकी दिली तेव्हाच तिला प्रवेश मिळाला.

ते प्रदर्शन म्हणजे १९२०च्या ३० जूनपासून डॉ. ओटो बुर्खार्ड यांच्या बर्लिनमधील दालनात भरलेला पहिला आंतरराष्ट्रीय दादा मेळा. तेथे छताला जर्मन अधिकाऱ्याच्या गणवेषातील, डुकराचे तोंड असलेला एक पुतळा टांगला होता. ग्रोसच्या ‘देव आमच्यासंगे’ या शिळाछापांच्या संचाने तर, सैनिकांच्या पट्ट्यावर कोरलेले ब्रीदच उचलून, ते बिरुद मिरविणाऱ्यांची क्रौर्याने सुजलेली थोबाडे जगापुढे मांडली. लष्कराची इभ्रत घेतल्याबद्दल पुढील वर्षी खटला गुदरला गेला. ग्रोसला ३०० मार्क आणि हेर्त्सफेल्डेला ६०० मार्क दंड झाला.

त्याच मेळ्यात ओटो डिक्सचे ‘युद्धातील पंगू’ हे तैलचित्र होते. चार माजी सैनिक रस्त्यावरून ओळीने चालले आहेत. कोणाचे पाय लाकडी, कोणाचा जबडा धातूचा, एकाचे अंग थरथरते, एकाला चाकांच्या खुर्चीतून ढकलीत नेले जात आहे. आणि पाठीमागे जोड्यांचे दुकान आहे. डिक्सने स्वतः मशीनगनवर राहून सोमची लढाई पाहिली होती. त्याला करुणा भाकावयाची नव्हती. त्याला दाखवावयाचे होते. १९२४मध्ये त्याने ‘युद्ध’ या नावाने ५० कोरीवचित्रांचे पाच संच प्रसिद्ध केले, त्यांत खंदकांतील कुजणारी प्रेते, वायूचे मुखवटे चढवून धावणारे सैनिक, चंद्रप्रकाशातील खड्डे हे सारे वैद्यकीय नोंदींच्या थंडपणाने आले आहे. ज्या केटे कोल्वित्सचे मस्तक ह्योखने आपल्या चित्राच्या मध्यावर ठेवले, ती दादावाद्यांच्या गटात नव्हती. परंतु ऑक्टोबर १९१४मध्ये फ्लँडर्समध्ये पडलेल्या आपल्या मुलासाठी तिने अठरा वर्षे जपून सिद्धीस नेलेले माता-पित्यांचे शिल्प साक्षीच्या या परंपरेत अग्रस्थानी ठेवले पाहिजे.

अन्यत्र या चळवळीने घेतलेल्या रूपांचा थोडक्यात निर्देश पुरेसा आहे. कोलोनमध्ये, तोफखान्यात चार वर्षे काढून आलेला माक्स एर्न्स्ट आणि त्याचा सहकारी बार्गेल्ड यांनी १९२०मध्ये एका मद्यगृहाच्या अंगणात प्रदर्शन भरविले. त्याचे प्रवेशद्वार पुरुषांच्या प्रसाधनगृहातून होते, आणि एक कलाकृती फोडण्यासाठी प्रेक्षकाच्या हाती कुऱ्हाड ठेवली होती. हानोव्हरमध्ये कुर्ट श्विटर्स याने ट्रामची तिकिटे, चिंध्या आणि तुटक्या लाकडांतून, म्हणजे एका उद्ध्वस्त राष्ट्राच्या केरातून, विलक्षण कोमल रचना केल्या. न्यूयॉर्कमध्ये मार्सेल द्युशाँने १९१७मध्ये पोर्सेलिनचे एक मूत्रपात्र ‘कारंजे’ म्हणून सादर केले. सहा डॉलर शुल्क भरणाऱ्या कोणाचीही कृती घेण्याचे अभिवचन देणाऱ्या मंडळाने ते नाकारले, तेव्हा मंडळाच्या उदारपणाची सीमा उघडी पडली.

५

पॅरिसमध्ये निषेधाचे रूपांतर एका नव्या मानसशास्त्रात झाले. आंद्रे ब्रतों हा वैद्यकीचा विद्यार्थी १९१६मध्ये सँ-दिझिए येथील लष्करी मनोरुग्णालयात काम करीत होता. तेथे त्याला एक सैनिक भेटला, ज्याची अशी ठाम समजूत होती की, युद्ध हे सारे नाटक आहे, जखमा रंगविलेल्या आहेत आणि तोफगोळे खोटे आहेत. म्हणून तो खंदकाच्या कडेवर उभा राहून गोळ्यांकडे निर्भयपणे बोट दाखवीत असे. ज्याला जग वेडा म्हणते त्याच्या बोलण्यात एक दुर्निवार तर्क आहे, आणि ज्याला जग शहाणपण म्हणते ते मात्र लाखोंना खंदकांत धाडते, या अनुभवातून ब्रतोंच्या मनात सुबुद्ध व्यवस्थेविषयी जी शंका रुजली, तिचेच फळ म्हणजे १९२४चा अतिवास्तववादाचा जाहीरनामा. फ्रॉइडच्या स्वप्नविचाराशी त्याची जी सांगड घातली जाते ती खरी असली, तरी या चळवळीचे मूळ युद्धकालीन इस्पितळाच्या खाटांमध्ये आहे हे विसरता कामा नये. झुरिकच्या मंडळींना जे साधले नाही ते या गटाला काही अंशी साधले : १९२५मध्ये मोरोक्कोतील रिफ जमातींविरुद्ध फ्रान्सने चालविलेल्या युद्धाचा त्यांनी जाहीर निषेध केला, आणि १९३१मध्ये पॅरिसमध्ये भरलेल्या वसाहतींच्या प्रदर्शनावर बहिष्कार टाकण्याचे आवाहन केले.

या साऱ्याची खरी परीक्षा १९३३नंतर झाली. हिटलर सत्तेवर येताच डिक्सला ड्रेस्डेनच्या कलाशाळेतून काढण्यात आले; कोल्वित्सला अकादमी सोडावी लागली; हार्टफील्ड प्रागला पळाला. सरकारने संग्रहालयांतून १६,०००हून अधिक कलाकृती जप्त केल्या, आणि १९ जुलै १९३७ रोजी म्युनिकमध्ये ‘अधःपतित कले’चे प्रदर्शन उघडले. सुमारे ६५० कृती त्यात होत्या, आणि दादावाद्यांची तेथे एक स्वतंत्र भिंत होती. डिक्सचे पंगू सैनिक तेथे राष्ट्रवीरांची बदनामी म्हणून लावण्यात आले, आणि ते चित्र त्यानंतर कोणाच्याही पाहण्यात आले नाही. श्विटर्सने घरात वर्षानुवर्षे उभारलेली रचना १९४३च्या बाँबहल्ल्यात नाश पावली. बर्लिनच्या सीमेवरील आपल्या लहानशा घरात ह्योखने मात्र सहकाऱ्यांचे कागद जिवावर उदार होऊन लपवून ठेवले; आज त्या चळवळीचे जे दस्तऐवज आपल्याला उपलब्ध आहेत त्यांतील मोठा भाग तिच्यामुळे वाचला.

६

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात या परंपरेचे पुनरुज्जीवन झाले. कोपनहेगन, ब्रसेल्स व ॲम्स्टरडॅम येथील तरुणांच्या ‘कोब्रा’ गटाने १९४८ ते १९५१ या काळात मुलांच्या चित्रांतील उत्स्फूर्ततेचा आश्रय घेतला. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते जपान. तेथेही १९१४च्या जर्मनीप्रमाणेच कलावंतांनी सत्तेला आपली सेवा दिली होती; फुजिता यांच्यासारख्या नामांकित चित्रकारांनी सैन्यासाठी प्रचंड रणचित्रे काढली होती. त्या लज्जेच्या पार्श्वभूमीवर जिरो योशिहारा यांनी १९५४मध्ये आशिया या गावी गुताई गट स्थापून तरुणांना एकच आज्ञा केली : पूर्वी कोणी केले नाही असे करा. १९५५मध्ये टोकियोत काझुओ शिरागा चिखलाच्या ढिगात अर्धनग्न शरीराने झुंजला. साबुरो मुराकामी कागदाच्या पडद्यांची रांग अंगाने फाडीत पलीकडे गेला. पुढील वर्षी अत्सुको तानाकाने रंगीत दिव्यांचा धोकादायक पोशाख अंगावर चढविला. शिस्तीने, एका हुकमासरशी मरावयास शिकविलेल्या देहांना स्वतंत्र कृती करावयास शिकविणे हा त्यातील अर्थ होता.

साक्षीची बाजू इरी व तोशी मारुकी या दांपत्याने सांभाळली. इरी हिरोशिमाचे; अणुबाँब पडल्यावर तीन दिवसांनी ते गावी पोचले, तोशी काही दिवसांनी. अमेरिकी अंमलात बाँबविषयी लिहिण्याबोलण्यावर निर्बंध असतानाच त्यांनी १९५०मध्ये शाईने काढलेले पहिले पट्टचित्र लोकांपुढे ठेवले, आणि १९८२पर्यंत अशी पंधरा विशाल चित्रे पुरी केली. परंतु त्यांचा खरा मोठेपणा पुढे दिसला. १९७१च्या चित्रात त्यांनी हिरोशिमात बाँबपूर्वी पकडलेल्या अमेरिकी युद्धकैद्यांचा मृत्यू रंगविला, आणि १९७२च्या चित्रात वेठीने आणलेल्या कोरियन लोकांची प्रेते, जी उचलण्याचीही कोणी तसदी घेतली नाही आणि ज्यांच्यावर कावळे उतरले. आपल्या राष्ट्राचे दुःख सांगता सांगता आपल्या राष्ट्राचा अपराधही त्यांनी त्याच कागदावर मांडला. साक्षीत निषेध मिसळला म्हणजे काय होते याचे याहून उज्ज्वल उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्याकडे युद्धाचा आघात वेगळ्या वाटेने आला. १९४२मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, बंगालच्या किनारी भागांतून शत्रूच्या हाती पडू नये म्हणून धान्य आणि नौका काढून घेण्यात आल्या, भाव भडकले, आणि १९४३च्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली. रणांगण दूर असताही हे युद्धाचेच बळी होते. चित्तप्रसाद यांनी मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडून जे रेखाटले ते ‘हंग्री बेंगॉल’ या नावाने त्याच वर्षी छापले गेले, आणि सरकारने त्या पुस्तकाच्या प्रती जप्त करून जाळून टाकल्या. झैनुल अबेदिन यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवरील मरणोन्मुखांना साध्या कागदावर काळ्या शाईच्या जाड फटकाऱ्यांत पकडले. चितगावचे सोमनाथ होर यांनी त्या दिवसांतील जखम अखेरपर्यंत उराशी बाळगली. १९७०च्या दशकात त्यांनी पांढऱ्या कागदाच्या लगद्यावर केवळ भेगा आणि व्रण उठवून ‘जखमा’ ही मालिका घडविली, जीत ना माणूस आहे ना शस्त्र, आहे तो फक्त घाव. बंगाली चित्रशैलीच्या स्वप्नाळू लालित्याशी या सर्वांनी घेतलेली फारकत ही एक सौंदर्यविषयक बंडखोरीही होती, आणि १९४३मध्येच स्थापन झालेल्या कलकत्ता ग्रुपने तिला संस्थात्मक रूप दिले.

मुंबईशी या कथेचा संबंध दुहेरी आहे. चित्तप्रसाद पुढे मुंबईतच स्थायिक झाले. शिवाय नाझी राजवटीमुळे मायदेश सोडलेले वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लेडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर हे तिघे याच शहरात होते. १९४७च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधील आरा, रझा, हुसेन यांच्यासारख्या तरुणांना त्यांनी आधार, टीका आणि आश्रय दिला. याच गटातील, गोव्यातील साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझा याला ‘चले जाव’ चळवळीतील सहभागामुळे जे. जे. कलाशाळेतून काढण्यात आले होते. हा गट युद्धातून जन्मला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु म्युनिकमध्ये जी कला भिंतीवर उलटी-सुलटी टांगून अपमानित केली गेली, तिचे संस्कार युद्धाने विस्थापित केलेल्या माणसांच्या हस्ते मुंबईत पोचले, हे मात्र निश्चित. मराठी काव्यात युद्धोत्तर विषादाला आणि यंत्रयुगातील माणसाच्या मरगळीला पहिले निर्भय रूप बा. सी. मर्ढेकरांनी दिले; ‘काही कविता’ या त्यांच्या १९४७च्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, यावरून प्रस्थापिताची प्रतिक्रिया सर्वत्र किती एकसारखी असते ते दिसून येते.

७

या साऱ्या उठावांनी साधले काय, असा प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्त आहे. युद्धे थांबली नाहीत. द्युशाँच्या मूत्रपात्राच्या १९६४मध्ये करविलेल्या प्रतिकृती आज संग्रहालयांत मानाने मांडलेल्या आहेत. काबारे व्होल्तेरची वास्तू झुरिकची प्रेक्षणीय जागा झाली आहे. चिखलात झुंजणारा शिरागा लिलावांतील मोठे नाव बनला आहे. निषेध पचविण्याची प्रस्थापिताची शक्ती अफाट असते. मात्र याच निकषाने पाहता असे दिसते की, जे पचले ते मुख्यतः शुद्ध निषेधाचे भाग होत. डिक्सची कोरीवचित्रे, ह्योखची कात्रणे, मारुकींचे कावळे, चित्तप्रसादांची उपाशी माणसे ही संग्रहालयात गेली तरी पाहणाऱ्याला सुखाने पुढे जाऊ देत नाहीत. कारण त्यांच्यासमोर उभे राहिल्यावर केवळ अभिरुचीचा प्रश्न उरत नाही, जबाबदारीचा प्रश्न समोर येतो.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यावयास हवी. १९१४मध्ये कैसरच्या बाजूने ९३ श्रेष्ठ माणसांच्या सह्या सहज मिळाल्या. १९३७मध्ये राजवटीला आपल्या देशातील संग्रहालये रिकामी करावी लागली. दुसऱ्या खेपेलाही सत्तेला लाळघोट्या कलावंतांची उणीव पडली नाही, आणि एमिल नोल्डेसारखा चित्रकार नाझी पक्षाचा सभासद असूनही अधःपतित ठरला, म्हणजे अधःपतित ठरणे हे काही सद्गुणाचे प्रमाणपत्र नव्हे. तरीही कलेची संमती गृहीत धरण्याचे दिवस संपले होते. संस्कृतीची मोहर सत्तेच्या हाती आपोआप जाणार नाही, ती हिसकावून घ्यावी लागेल आणि हिसकावताना जगाला दिसेल, एवढे या बंडखोरांनी निश्चित घडवून आणले. मानवी इतिहासाच्या मापाने ही लहान प्राप्ती नव्हे.

आपल्या कलाशाळांत या चळवळी शैलींच्या सूचीत शिकविल्या जातात. दादावाद म्हणजे चिकटचित्र, अतिवास्तववाद म्हणजे स्वप्नचित्र, गुताई म्हणजे शरीराचा प्रयोग, अशी टाचणे विद्यार्थी उतरवून घेतात. ही पद्धत बदलली पाहिजे. प्रत्येक शैलीपूर्वी तिची रणभूमी, तिचे इस्पितळ, तिचा दुष्काळ आणि त्यांना सनद देणाऱ्या तत्कालीन संस्कृतीचे कागद विद्यार्थ्यांपुढे ठेवले पाहिजेत, म्हणजे हे तंत्र कोणत्या गरजेतून आले ते त्यांना कळेल. कलेला युद्ध थांबविता येत नाही. परंतु युद्धाला आपले नाव वापरू न देणे आणि जे घडले ते नाकारू न देणे, ही दोन कामे तिच्या आवाक्यातील आहेत, आणि ती दोन्ही एकाच वेळी करणाऱ्या कलावंतालाच यापुढेही बंडखोर म्हणणे उचित ठरेल.